स्वमग्न बालके, त्यांची कुटुंबे आणि आपला व्यापारी समाज

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारपेठेची स्थिती, करविषयक बदल, सभासदांच्या मुलांचे परीक्षेतील यश आणि दिवंगतांस श्रद्धांजली हे विषय यथायोग्य येत असतात. परंतु ज्यांचा उल्लेख त्यात कधीच येत नाही अशीही काही घरे आपल्यांत आहेत. त्यांची वर्गणी वेळेवर येते, दुकान वेळेवर उघडते. मात्र स्नेहसंमेलनास त्या घरचे कोणी दिसत नाही, लग्नकार्यात एकटा यजमान अक्षता टाकून परततो, आणि घरातील एका मुलाविषयी कोणी विचारले तर बोलणे चटकन दुसरीकडे वळते. या अनुपस्थितीचे कारण मानापमान किंवा भाऊबंदकी असेलच असे नाही. पुष्कळदा त्या घरात स्वमग्न मूल असते. अशा मुलाची अवस्था काय, त्याच्या आईवडिलांवर कोणता भार पडतो, आणि त्यातील कोणता भाग समाजाने उचलण्याजोगा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वमग्नता म्हणजे काय

इंग्रजीत ज्यास ऑटिझम म्हणतात त्यास मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ संज्ञा प्रचारात आणली. नाव थोडे फसवे आहे. हे मूल आपल्यातच रमलेले व इतरांविषयी उदासीन असते, असा ग्रह त्यावरून होतो. वास्तविक इतरांशी संबंध जोडण्याची त्याची रीत निराळी असते, व ती रीत आपणांस वाचता येत नाही.

स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूची वाढ निराळ्या वळणाने झाल्यामुळे बालपणापासून दिसणारी व आयुष्यभर राहणारी ती अवस्था आहे. तिची लक्षणे दोन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार परस्परसंवादातील अडचणींचा. नावाने हाक मारली तरी वळून न पाहणे, दीड वर्षाचे झाले तरी गमतीची वस्तू दुसऱ्यास बोट करून न दाखविणे, आलेले शब्द बोलेनासे होणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुनःपुन्हा उच्चारणे ही त्याची उदाहरणे होत. दुसरा प्रकार ठराविकपणाचा व इंद्रियांच्या तीव्रतेचा. खेळण्यातली गाडी चालविण्याऐवजी तिचे चाकच फिरवीत बसणे, रोजचा रस्ता बदलताच आकांत करणे, कुकरची शिट्टी, देवळातील घंटा किंवा वरातीचा बँड असह्य होऊन कान झाकून घेणे, विशिष्ट रंगाचे वा चवीचेच अन्न खाणे, हे त्यात येते. आपल्या कानास जो आवाज मंगल वाटतो, तोच या मुलास अंगावर कोसळल्यासारखा वाटत असतो. त्याच्या आक्रोशास हट्ट किंवा लाडावलेपणा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

या अवस्थेची पातळी सर्वांत सारखी नसते. कोणी आयुष्यभर एक शब्दही बोलत नाही. कोणी महाविद्यालयाची पदवी मिळवितो, पण चारचौघांत बसून गप्पा मारणे त्यास जमत नाही. काहींना बुद्धीची मंदता असते, काहींना नसते. रक्ताच्या तपासणीने स्वमग्नता कळत नाही. जाणत्या तज्ज्ञाने मुलाचे वागणे पाहून व आईवडिलांकडून पूर्ववृत्त ऐकून निदान करावयाचे असते. ती समूळ घालविणारे औषध नाही. तथापि भाषेचे व नित्यव्यवहाराचे शिक्षण, चित्रांच्या साहाय्याने संवाद, दिवसाचा क्रम आधी दाखवून देणारे तक्ते, आणि आईवडिलांस मिळालेले मार्गदर्शन यांनी मूल पुष्कळ पुढे जाऊ शकते. म्हणून ‘मुलगे उशिराच बोलतात’ या दिलाशावर विसंबून वर्षे दवडू नयेत. शंका येताच बालविकासतज्ज्ञास दाखवावे.

दोष कोणाचा?

अशा मुलाच्या जन्माबरोबर घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो दोषाचा, आणि तो बहुधा आईच्या माथी बसतो. यात केवळ आपलाच समाज मागे होता असे नव्हे. अमेरिकेत कित्येक वर्षे डॉक्टरच सांगत की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 साली ग्रंथ लिहून याच मताचा प्रसार केला. त्यापूर्वीच, 1964 साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने या मतास पुरावा नाही हे दाखवून दिले होते. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आज हे निश्चित झाले आहे की स्वमग्नतेत आनुवंशिक घटकांचा, व तेही एका नव्हे तर अनेक घटकांचा, मोठा वाटा असतो. संगोपनातील उणिवेने ती उत्पन्न होत नाही. लस टोचल्याने ती होते असे सुचविणारा 1998 चा एक निबंध बराच गाजला. परंतु ‘लॅन्सेट’ या ज्या नियतकालिकाने तो छापला होता त्यानेच 2010 साली तो मागे घेतला.

आपल्यांत आणखी एक वाक्य सहज तोंडातून जाते: ‘पूर्वकर्माचे फळ, दुसरे काय!’ कर्मसिद्धान्त ज्याने त्याने आत्मपरीक्षणासाठी वापरावयाचा असतो. शेजाऱ्याच्या घरावर निवाडा देण्यासाठी तो सांगितलेला नाही. उलट सम्यग्दर्शनाची जी आठ अंगे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांतील तीन येथे नेमकी उपयोगी पडतात. निर्विचिकित्सा, म्हणजे देहाच्या वा वागण्याच्या वेगळेपणाची किळस न करणे. अमूढदृष्टी, म्हणजे भोंदू उपायांच्या नादी न लागणे. अंगारे-धुपारे असोत की मूलपेशींच्या नावाने लाखो रुपये घेणारे उपचार असोत, त्यांनी स्वमग्नता बरी होते यास आधार नाही. आणि स्थितिकरण, म्हणजे डळमळणाऱ्यास धीर देऊन स्थिर करणे. हे तिसरे अंग एकट्याने आचरता येत नाही; त्यास समाज लागतो.

ही मुले थोडीथोडकी नाहीत. भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा व हैदराबाद ही आपल्या परिचयाची स्थळे होती. सुमारे शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याचे त्यात आढळले. या हिशेबाने कोणत्याही मोठ्या पेठेत अशी घरे असणारच. ती आपणांस दिसत नसतील तर ती दडून राहिली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

एका लहान गावाने काय केले

समाज जवळ असल्याने काय फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण या विषयाच्या इतिहासातील पहिल्याच मुलाच्या चरित्रात सापडते. डोनाल्ड ट्रिपलेट यांचा जन्म 1933 साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी झाला. वडील वकील, आईच्या माहेरची गावात बँक होती. मूल आईकडे बघेना, भांड्यांची झाकणे फिरवीत बसे. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून 1937 साली त्यास घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. परंतु सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्यास परत आणले. वडिलांनी 33 पानांचे सविस्तर पत्र लिहून त्यास बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांजकडे नेले. कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचे वर्णन करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पहिले मूल हेच.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. डोनाल्ड काही वर्षे गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्यास मोजण्याचा विलक्षण नाद होता. त्या दांपत्याने नाद मोडण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी त्यास विहीर खणून तिची खोली मोजावयास सांगितले; मक्याच्या ओळी मोजता मोजता तो शेत नांगरू लागला. पुढे गावच्या शाळेने त्यास घेतले. 1958 साली तो पदवीधर झाला, व आईच्या घराण्याच्या बँकेत त्याने कित्येक वर्षे नोकरी केली. तो गोल्फ खेळे, एकटा देशोदेशी प्रवास करी, आणि गावातील ओळखीच्या माणसांना क्रमांक देऊन त्या क्रमांकांनी लक्षात ठेवी. कोणास त्याचे वैषम्य वाटले नाही. कुटुंबाने त्याच्या निर्वाहासाठी विश्वस्त निधी करून ठेवला होता, त्यामुळे आईवडिलांच्या पश्चातही तो आपल्याच घरी राहू शकला. बाहेरगावचे पत्रकार त्याची माहिती घेण्यास आले तेव्हा ग्रामस्थांनी त्यांना प्रथम बजावले की, याला दुखवाल तर गाठ आमच्याशी आहे. 2023 साली, वयाच्या 89 व्या वर्षी, डोनाल्ड यांचे निधन झाले.

घरची सुबत्ता हे यातील एक कारण होते, हे नाकारता येणार नाही. परंतु केवळ पैशाने हे घडले नसते. पैसा तर त्यास दूरच्या संस्थेत ठेवण्यासही पुरेसा होता. कॅनर यांनी 1971 साली त्या अकरा मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या सरकारी इस्पितळांत ठेवलेली मुले कोमेजून गेलेली त्यांना आढळली. निदान सर्वांचे एकच होते. भोवतालची माणसे मात्र निरनिराळी होती.

आईवडील एकत्र आले तेव्हा

सर्वांच्याच वाट्यास फॉरेस्टसारखे गाव येत नाही. ज्यांना ते लाभले नाही अशा आईवडिलांनी एकमेकांस शोधून आपला समाज उभा केला. 1962 साली लंडन येथे पालकांनी संस्था स्थापिली; मनोविकारतज्ज्ञ व स्वतः एका स्वमग्न मुलीची आई असलेल्या लॉर्ना विंग तिच्या संस्थापकांपैकी होत्या. 1965 साली अमेरिकेत रिमलँड यांच्या पुढाकाराने तशीच संस्था निघाली. आपल्या देशात दिल्ली येथे मेरी बरुआ या मातेने 1991 साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’चे कार्य सुरू केले, आणि पुढे मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’सारखे पालकांचे संघ निघाले. या सर्व ठिकाणी क्रम एकच दिसतो: आधी दोन-चार आया एकत्र बसल्या, मग शाळा निघाली, मग सरकारदरबारी कायदा झाला.

शेजारच्या गोव्यात या कुटुंबांविषयी झालेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष आपण मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुलाचे निदान झाल्यावर कुटुंब प्रथम समाजातून अंग काढून घेते. लोकांच्या नजरा, प्रश्न आणि प्रत्यक्ष अवहेलना यांचा तो परिणाम असतो. पुढे जुन्या-नव्या संबंधांच्या आधाराने ते हळूहळू समाजात परत येते. वैद्यक, शिक्षण व धर्म या तिन्ही क्षेत्रांतील जबाबदार माणसांस या कुटुंबांच्या गरजांची जाण फार थोडी असते, असेही त्यात दिसून आले. म्हणजे अंग काढून घेण्याचा काळ लांबवावयाचा की आखूड करावयाचा, हे बरेचसे आपल्या हाती आहे.

तज्ज्ञ दुर्मीळ आहेत म्हणून काहीच करता येत नाही, हीही समजूत खरी नाही. गोव्यातील ‘संगाथ’ ही संस्था व रावळपिंडी येथील संशोधक यांनी मिळून केलेला प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते नऊ वर्षांची 65 मुले होती. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी आईवडिलांचा मुलाबरोबरचा खेळ चित्रित करून त्यांनाच दाखविला व मुलाच्या बारीकसारीक खुणांस प्रतिसाद कसा द्यावा हे शिकविले. सहा महिन्यांत पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुले आपण होऊन संवाद साधण्याचा अधिक प्रयत्न करू लागली.

व्यवहाराची बाजू

आपण व्यापारी आहोत; भावनेबरोबर जमाखर्चही पाहिला पाहिजे. अशा आईवडिलांची झोप उडविणारा खरा प्रश्न एकच असतो: आमच्या मागे याचे काय? त्याचे उत्तर वेळीच कागदावर उतरविणे शक्य आहे.

पहिला कागद प्रमाणपत्राचा. 1995 च्या कायद्यात स्वमग्नतेस स्वतंत्र स्थान नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत ती आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते, व त्यासाठी वापरावयाची भारतीय मोजपट्टी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आहे. अपंगत्व 40 टक्के वा अधिक असल्यास 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. आयकराची जुनी पद्धत स्वीकारणाऱ्या करदात्यास अशा अवलंबितासाठी 75,000 रुपयांची, व अपंगत्व तीव्र असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट घेता येते. लोक कळू नये म्हणून प्रमाणपत्रच काढीत नाहीत, आणि या सर्वांस मुकतात.

दुसरा कागद पालकत्वाचा. 18 वर्षे पूर्ण होताच मूल कायद्याने सज्ञान ठरते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. ज्यास स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती अशी ही समिती असते. आपल्या पश्चात पालक कोण, हेही हयातीतच ठरवून संबंधितांशी बोलून ठेवावे.

तिसरा कागद वाट्याचा. पेढीची वाटणी करताना ‘त्याला काय कळते, त्याला पोसू’ असे म्हणून अशा मुलाचा हिस्सा भावांच्या नावे मोडला जातो. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटले आहे की रोग, व्यंग किंवा विरूपता यांमुळे कोणाचाही वारसा बुडत नाही. गोव्यात वारसाहक्काचा कायदा निराळा असल्याने तेथील सभासदांनी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याचा हिस्सा त्याच्या हितासाठी विश्वस्त निधीत ठेवणे, व विश्वस्तांत घराबाहेरचा एखादा विश्वासू माणूस घेणे, हा चांगला मार्ग आहे. भावाबहिणींवर प्रेमाचा भार टाकावा; अंदाजपत्रक नसलेला भार टाकू नये.

संघाने काय करावे

आपल्या समाजाची परंपरा या बाबतीत उज्ज्वल आहे. खेड्यांतील मुलांची शिक्षणासाठी राहण्याची सोय नाही हे दिसताच, 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने व तिच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी बोर्डिंगे काढली. विधवा स्त्रियांची दैना पाहून मुंबई व सोलापूर येथे श्राविकाश्रम उभे राहिले. जे दुःख प्रत्येक घर एकटे सोसत होते, ते समाजाने आपले मानले तेव्हा संस्था निर्माण झाली. स्वमग्न मुलांच्या बाबतीत आरंभ त्याहूनही सोपा आहे.

संघाचे सभागृह महिन्यातून एक दिवस, बाजारपेठेच्या सुट्टीस, अशा आईवडिलांच्या बैठकीसाठी मोकळे ठेवावे. जातिधर्माची अट नसावी आणि तेथील बोलणे बाहेर जाऊ नये. समारंभाच्या वेळी एक शांत खोली राखून ठेवावी, ध्वनिक्षेपकाचा आवाज आवरता घ्यावा, आणि अशा कुटुंबास गर्दीपूर्वी जेवावयास बसवावे. देवदर्शनासाठी सकाळची निवांत वेळ त्यांना कळवावी. ‘वहिनी, तुम्ही पूजेस बसा, तोवर मी याच्याजवळ थांबते,’ एवढे एक वाक्य वर्षानुवर्षे मंदिराची पायरी न चढलेल्या मातेस पुरेसे असते. प्रमाणपत्र, विमा व पालकत्वाचे अर्ज भरून देण्यासाठी माहितगार माणूस संघाच्या कार्यालयात असावा.

आणि शेवटी काम. आपल्या दुकानांत व वखारींत माल निवडणे, वजन करून पुड्या बांधणे, चिठ्ठ्या लावणे, मापाप्रमाणे कपाटे लावणे, साठ्याची मोजदाद करणे अशी ठराविक क्रमाची कामे भरपूर असतात. ज्या ठराविकपणास आपण दोष मानतो, तोच कित्येक स्वमग्न तरुणांचा येथे गुण ठरतो. सूचना थोडक्या व स्पष्ट असाव्यात, शक्य तर चित्रांनी लिहिलेल्या. रोजचा क्रम एकाएकी बदलू नये. शिकविणारा माणूस एकच असावा. आणि मजुरी कामाप्रमाणे पूर्ण द्यावी. प्रत्येकास हे काम जमेल असे नाही. ज्यास जमणार नाही त्याचेही आपल्यांत स्थान तेवढेच पक्के राहिले पाहिजे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. पहिली तीन आपला समाज मुक्तहस्ताने करीत आला आहे. चौथ्याचा अर्थ आपण बहुधा मुक्या प्राण्यांच्या जीवदानापुरता घेतो. परंतु ‘आमच्या मागे याचे काय’ या भीतीने रात्र जागून काढणारे आईवडील आपल्याच गल्लीत राहतात, आणि त्यांनाही अभय हवे आहे. त्यासाठी फार मोठ्या रकमेची देणगी लागत नाही. पुढील स्नेहसंमेलनाचे निमंत्रण त्या घरी प्रत्यक्ष जाऊन द्यावे, आणि देताना त्या मुलाचेही नाव घ्यावे.